गणपतच्या नावाची बाटली

रंगखात्यातल्या माणसाची लघवी लाल झाली, तर लालबागेत त्याचं कुणाला नवल वाटत नसे. "रंग उतरतोय," एवढंच म्हणत. दिवसभर पिंपावर वाकून जो रंग नाकातोंडात जातो, तो कुठून तरी बाहेर पडायलाच हवा, असा साधा हिशेब. उशीच्या अभ्र्यावर घामाचे गुलाबी डाग पडत, थुंकी निळी पडे, नखांच्या कडा कितीही घासल्या तरी काळ्या त्या काळ्याच. मग लघवीनेच काय घोडं मारलं होतं?

गणपत राऊळ त्या रंगखात्यात कायम होता. मालवणाकडच्या गावातून पोरवयात आला, बरीच वर्षं बदलीवर राबला आणि मग कायम नोकरीचा बिल्ला मिळवला. उंच, खांद्यात थोडा वाकलेला, कमी बोलणारा. चाळीत कुणाच्या घरी काही बरंवाईट झालं की सगळ्यांआधी तोच दारात उभा असे. लोक त्याला भला माणूस म्हणत, आणि तो भला होताही. फक्त त्याला भीती लवकर वाटायची आणि ती तो कुणाला दाखवायचा नाही. लोक त्यालाच शांत स्वभाव समजत. हा गैरसमज त्याने कधी दूर केला नाही.

त्याची बायको मालन. तिचा धाकटा भाऊ लवू त्यांच्याच खोलीत राहायचा. आईवेगळ्या लवूला मालननेच वाढवलं होतं. हुतुतूत तो असा चपळ, की चाळीतली पोरं त्याला मासळी म्हणायची, हातात सापडत नाही म्हणून. गणपतने शब्द टाकून त्याला आपल्याच खात्यात बदलीवर लावला होता. बदलीवाल्याने रोज सकाळी गिरणीच्या गेटवर उभं राहायचं. कायमवाल्यांपैकी कुणी आला नाही तर त्याच्या जागी आत जायचं, नाहीतर घरी परत. आणि आत गेल्यावर कायमवाल्यांना नको असेल ते काम करायचं. रंगखात्यात असं काम म्हणजे कोरडी पूड पिंपात ओतणं. पूड उडे, डोळे चुरचुरत, घसा धरे. "लवू, एवढं पीप तू बघ रे," असं गणपतनेही कितीदा म्हटलं होतं. लवू तोंडाला फडकं बांधून हसत जायचा. घरातल्या माणसाला सांगायला संकोच वाटत नाही, त्यातला हा प्रकार.

पंचावन्न सालच्या दिवाळीआधी डॉक्टर मृणालिनी कोठारे रंगखात्यात आल्या. बाई गिरगावातल्या, परळच्या एका इस्पितळात मूत्राशयाच्या कॅन्सरवर संशोधन करत. विलायतेत रंगाच्या कारखान्यांतल्या कामगारांना हा रोग जास्त होतो, असं त्यांच्या वाचनात आलं होतं. इथं कुणी पाहिलंच नव्हतं. गिरणीने त्यांना कायम कामगारांची नावं दिली. बदलीवाल्यांची नावं त्यात नव्हती, आणि ती असायला हवीत हे कुणाला सुचलंही नाही.

पांढरी सुती साडी, हातात बाटल्यांची पेटी. प्रत्येक बाटलीवर खळीने चिकटवलेला कागद, त्यावर नाव. "सकाळची दुसरी लघवी आणायची. लाजायचं काही कारण नाही," बाई म्हणाल्या.

मुकादम कोंडीराम तोंड पुसत पुढे झाला. "बाई, आम्ही गिरणीकडे बोनस मागतो, तर गिरणी काय देत नाय. आणि तुम्ही येऊन आमच्याकडेच मागता, ते पण मूत!"

सगळे हसले, बाईही हसल्या. "बोनस माझ्या हातात नाही हो, मामा. पण हे तुम्ही दिलंत तर कदाचित तुमचे नातू आनंदाने रंग घोटतील."

"नातवांना रंगखात्यात नाय घालायचं," कोंडीराम म्हणाला, आणि या वेळी कुणी हसलं नाही.

बाई गेल्यावर तो हलक्या आवाजात बोलला, "ज्याची बाटली वाईट निघंल त्याचा बिल्ला गेला समजा. शामरावाचं ध्यानात आहे ना?"

शामराव सगळ्यांच्याच ध्यानात होता. खात्यातला सगळ्यात जुना माणूस. इस्पितळात गेला, परत आला तेव्हा त्याची जागा भरलेली होती. गेटवर दोन दिवस नुसता उभा राहिला आणि मग गावी जाऊन मेला.

उन्हाळाभर गणपतला लघवीला जळजळ होत होती. मालनला त्याने सांगितलं नव्हतं. बाटली घरी आणून त्याने ती फडताळात डब्यांमागे ठेवली. सकाळी उठल्यावर चाळीच्या मोरीपाशी दात घासत उभ्या असलेल्या लवूला बाजूला घेतलं.

"लवू, एक काम आसा. ही बाटली भरून दे."

लवूने बाटलीवरचं नाव पाहिलं. मग भावजींकडे पाहिलं आणि त्याला हसू आवरेना. "म्हणजे भावजी, तुमच्या जागेर काम मी करूचा, आणि आता मूतूचा पण मीच?"

"हळू बोल. तू जवान माणूस, तुका काय भीती? माझ्या पोटात जरा उष्णता आसा. उगीच काय तरी निघाला तर..."

"अरे द्या हो. कायम तर करत नाय गिरणी, बाटलीवर तरी कायमवाल्याचं नाव लागूदे माझ्या."

बाटली भरून त्याने ती दिव्याच्या उजेडात धरली. किंचित गुलाबी होती. "बघा, रंग उतरतोय," म्हणाला, आणि दात घासायला परत गेला.

दिवाळी आली. भाऊबीजेला मालनने लवूला पाटावर बसवून ओवाळलं. त्याने तिला काचेच्या बांगड्या आणल्या होत्या, त्या तिच्या हाताला मोठ्या झाल्या. "बाय, जेव जरा, म्हंजे बसतीत," म्हणून त्याने तिला चिडवलं. त्याच आठवड्यात फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. लवू मोर्चात होता. एका पायात चप्पल घालून रात्री घरी आला, आणि जेवताना काही बोलला नाही. त्याला गप्प बसलेला गणपतने तेव्हा पहिल्यांदाच पाहिला.

पुढे काही दिवसांनी इस्पितळातून निरोप आला.

मृणालिनीबाईंनी त्याला खुर्ची दिली. असल्या ठिकाणी गणपतला कुणी खुर्ची दिली नव्हती. तो कडेला टेकून बसला.

"गणपतराव, घाबरू नका, पण मी तुमच्यापासून लपवणारही नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्या लघवीत काही वाईट पेशी सापडल्यात. इकडे या, बघा."

त्यांनी त्याला सूक्ष्मदर्शकावर वाकायला सांगितलं. आधी आपल्याच पापण्यांच्या केसांशिवाय त्याला काही दिसेना. मग उजेडाचं एक गोल तळं उघडलं आणि त्यात निळसर टिपके तरंगताना दिसले. काही फिकट, पसरट, सुकलेल्या पाकळीसारखे. काही गच्च काळेनिळे, एकमेकांना धरून.

"ते फिकट दिसतात ना, त्या चांगल्या पेशी. आपल्या शरीरातली पेशी जन्मते, काम करते, म्हातारी होते आणि गळून पडते. झाडाच्या पानासारखी. वेळेवर म्हातारं होणं हे तिच्या चांगलेपणाचं लक्षण. आणि त्या काळ्या, त्यांना म्हातारपणच येत नाही. त्या वाढत राहतात, इतरांची जागा खात. असं का होतं, तेच मी शोधतेय. पेशीला म्हातारं व्हायला कोण सांगतं, आणि काहींना ते ऐकू का येत नाही?"

गणपत काचेवरून डोळा काढेना. बाईंना वाटलं, माणूस आपलं मरण पाहतोय, पाहू द्यावं. तो पाहत होता ते लवूचं.

तेव्हाच सांगायचं. जिभेवर आलंही होतं. पण सांगणं म्हणजे बाटली बदलल्याचं कबूल करणं. बाई गिरणीला कळवतील. बिल्ला जाईल. आणि शिवाय, त्याच्या मनाने लगेच फट शोधली, बाटल्यांची अदलाबदल नसेल कशावरून? खळीचे कागद ते. सुटले असतील.

"पुन्हा एकदा तपासा," तो म्हणाला.

"तपासायचंच आहे," बाई म्हणाल्या आणि नवी बाटली दिली.

ही बाटली त्याने स्वतः भरली. ती स्वच्छ निघाली. उष्णता ती उष्णताच होती. मग बाईंनी शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांकडून नळी घालून आतून तपासणी करवली. टेबलावर पाय बांधलेले, तोंडात धोतराचा बोळा. इतकं दुखलं की डोळ्यांतून पाणी वाहिलं. पण त्या दुखण्यात गणपतला बरं वाटत होतं. भोगून होतंय, असं त्याला वाटलं. जणू हे सोसलं की लवूच्या वाटचं आपल्याकडे येईल. तपासणारे डॉक्टर म्हणाले, आत काही नाही, आरशासारखं लख्ख आहे.

मृणालिनीबाई मात्र त्या दिवसापासून निराळ्याच दिसू लागल्या. त्यांच्या बोलण्यात घाई आली. ज्या पेशींना म्हातारपण माहीत नव्हतं, त्या या माणसाच्या शरीरात म्हाताऱ्या होऊन गळून गेल्या होत्या. आपोआप. म्हणजे ते विसरलेलं पुन्हा आठवू शकतं! त्या त्याला दर महिन्याला बोलवू लागल्या. काय खाता, काय पिता, घरात कुणाला हे होतं का. चहा यायचा, बशीत दोन बिस्किटं. इतर डॉक्टरांना बोलावून त्या म्हणत, "हे आमचे गणपतराव." येत्या थंडीत दिल्लीच्या परिषदेत त्या या माणसाबद्दल बोलणार होत्या.

गणपत मान खाली घालून कोकमाचं सार, उकडा तांदूळ सांगत राहायचा. बाई उत्सुकतेने ऐकत. त्याला वाटायचं, खोटं एकदाच बोललो होतो, आणि आता ते दर महिन्याला चहा पितंय.

दरम्यान जानेवारीत गिरणगावात पुन्हा गोळ्या झाडल्या गेल्या, संचारबंदी लागली. कोण कुठे पडला याच्याच बातम्या. अशात एका बाटलीचं काय सांगायचं? संचारबंदी उठली की सांगू, असं गणपत स्वतःला म्हणाला. ती उठली, तेव्हा लवू सत्याग्रहाच्या तुकडीत नाव देऊन आला होता. चाळीने त्याला हार घातला. मालनने कपाळाला कुंकू लावलं. गणपत त्याला चौकापर्यंत सोडायला गेला. सगळा रस्ताभर तोंड उघडत होता आणि मिटत होता.

"भावजी, काय बोलूचा आसा काय?"

"तब्येत सांभाळ."

"तुरुंगात नुसता बसूक आसा. इकडच्यापेक्षा बरा. पूड तरी नाय!"

खरंच की, गणपतने मनाशी धरलं. रंगापासून दूर राहील. कदाचित आपोआप बरा होईल. बाई म्हणतात ना, की होतं तसं. आणि असं मनात येताच तो रस्त्यात थांबला. बाई जे म्हणत होत्या, ते त्याच्याच खोट्यावरून म्हणत होत्या. आपणच पेरलेल्या थापेवर आपणच विसंबायला निघालो होतो. एवढं कळूनही तो परळकडे वळला नाही. घरी गेला.

लवू सुटून आला तेव्हा आंबे सरत आले होते. वाळला होता, पण तुरुंगातून येणारे सगळेच वाळून येत. चाळीने घोषणा दिल्या, पोरं त्याच्या दंडाला लोंबकळली. मालनने घावणे आणि नारळाचा रस केला. गणपत आणि लवू मांडीला मांडी लावून जेवायला बसले. मालन चुलीशी पाठमोरी.

लवू हसत म्हणाला, "भावजी, तुमका एक गंमत सांगू? इतके महिने रंगाक हात नाय लावलो. तरी रंग उतरताच आसा. उलट जास्तच उतरता. तिथले पोरगे म्हणायचे, लवू, तुझ्यात गिरणीचो सगळो रंग भरून ठेवललो दिसता!"

मालन हसली. घावणा उलटत म्हणाली, "बघा तरी! आत जाऊनसुद्धा गिरणी सोडूक नाय त्याका."

गणपतने हातातला घास ताटात ठेवला. रंग उतरतोय म्हणत आख्खं रंगखातं आपलं रक्त पाहत आलं होतं. शामरावही तेच म्हणायचा. आता तर लवूच्या आणि रक्ताच्या मधे रंगसुद्धा उरला नव्हता. गणपतला आडोसा धरायला काही उरलं नव्हतं.

"उद्या माझ्याबरोबर परळला चल," तो म्हणाला.

"कित्याक?"

"चल म्हणतो ना."

मालनने वळून पाहिलं. नवऱ्याचा आवाज तिला ओळखीचा वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी मृणालिनीबाईंच्या टेबलावर दिल्लीला न्यायच्या काचा ओळीने मांडलेल्या होत्या. "या, गणपतराव! बरे आलात. हे कोण?"

"हा लवू. माझा मेव्हणा." गणपत बसला नाही. "बाई, पहिली बाटली ह्याची होती. माझी नव्हती. मी ह्याच्याकडून भरून घेतली. भीतीनं."

बाईंनी टेबलावरच्या काचांकडे पाहिलं. एवढंच. मग त्या लवूकडे वळल्या.

"लाल कधीपासून होते?"

लवू भावजींकडे पाहत होता. त्याला अजून हसूच येत होतं, ओठांवर अर्धवट आलेलं. "दोनेक वर्षं झाली असतील. पण बाई, तो तर रंग..."

"तो रंग नाही," बाई म्हणाल्या.

लवूच्या ओठांवरचं हसू तसंच राहिलं, आणि डोळ्यांतून मात्र गेलं. "म्हणजे भावजी," तो सावकाश म्हणाला, "तुमका दिवाळीपासून ठाऊक होता?"

गणपतने मान डोलावली. 'हो' म्हणायला तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं, आणि रडायचा आपल्याला हक्क नाही, एवढं त्याला कळत होतं.

तपासणीनंतर गणपतने बाईंना दाराशी गाठून विचारलं, "दिवाळीला सांगितलं असतं तर?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. "तेव्हा वरवर असावं," त्या म्हणाल्या. "आता ते भिंतीतून आत गेलंय. खात्रीनं मी सांगू शकत नाही. पण तुम्ही विचारताय म्हणून सांगते, मला तसं वाटतं." मग म्हणाल्या, "चूक माझीही आहे. मी फक्त यादीतली माणसं तपासली. पूड कोण ओततो, हे मी विचारलंच नाही."

त्या दिल्लीला गेल्या नाहीत. गिरणीलाही त्यांनी बाटलीचं काही कळवलं नाही. बिल्ला गेला नाही. ज्याच्या भीतीने सगळं झालं, ते कधी घडलंच नाही. गणपत रोज सकाळी गेटमधून आत जाई, आणि बाहेर बदलीवाल्यांच्या घोळक्यात लवूची जागा दुसऱ्या कुणीतरी घेतलेली दिसे. पूड ओतायचं काम गणपत आता मागून घेऊ लागला. कोंडीराम म्हणाला, "डोकं फिरलं काय तुझं?" गणपत तोंडाला फडकं बांधून पिंपाकडे गेला. पुढे बाई रंगखात्यात आल्या तेव्हा त्यांनी हट्टाने बदलीवाल्यांनाही बाटल्या वाटल्या.

लवूवर शस्त्रक्रिया झाली. काही महिने बरे गेले, मग दुखणं पाठीत उतरलं. गणपतनेच त्याचं सगळं केलं. भांडं धरलं, अंग पुसलं, कूस बदलली. लवू त्याला कधी टोचून बोलला नाही. बोलला असता तर गणपतला सोपं गेलं असतं. सत्तावन्नच्या निवडणुकीत समिती जिंकली, लालबागेत गुलाल उधळला, ढोल वाजले. लवूला खिडकीशी बसवलं होतं. खाली गुलालाने माखलेली माणसं पाहून तो म्हणाला, "भावजी, ह्यो रंग दोन दिवसांत उतरतलो." गणपत भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

पावसाळा सरता सरता लवू गेला.

मालनला गणपतने सगळं सांगितलं होतं, इस्पितळातून आले त्याच दिवशी. ती भांडली नाही, की माहेरी निघून गेली नाही. जायला माहेर होतं कुठे? लवू हेच तिचं माहेर. ती वेळेवर ताट वाढायची, त्याचे रंगाळलेले कपडे वेगळे धुवायची. फक्त त्याला हाक मारणं तिने सोडलं. त्यांच्या दोघांत जे काही बोलायचं, ते ती ताट ठेवण्याच्या आवाजातून बोलायची. गणपतला तो आवाज समजायचा.

त्या वर्षीची भाऊबीज आली. चाळीत दारोदार पाट मांडलेले, भाऊ येत होते, ओवाळणीचे आवाज होते. मालनने दुपारभर घर सारवल्यासारखं पुसून काढलं. संध्याकाळी तिने तबक केलं. निरांजन, सुपारी, अक्षता. हातात त्या सैल काचेच्या बांगड्या घातल्या. आता तर त्या कोपरापर्यंत सरकत होत्या. ज्या बहिणीला भाऊ नाही, ती या दिवशी चंद्राला ओवाळते. मालन तबक घेऊन गॅलरीत आली.

गणपत तिथेच कठड्याशी उभा होता. ती येईल हे त्याला माहीत होतं, आणि आपण इथं असू नये हेही. पण पाय हलले नव्हते. मावळतीला, गिरणीच्या धुराड्याच्या बाजूला, बीजेची कोर दिसू लागली होती. इतकी बारीक, की नखाचं कात्रण वाटावी. निरांजनाची ज्योत वाऱ्याने वाकली, तेव्हा त्याने नकळत हात पुढे केला. रंगाने काळवंडलेल्या ओंजळीचा आडोसा झाला, आणि ज्योत सरळ झाली.

मालनने त्या हाताकडे पाहिलं. कितीतरी महिन्यांनी ती त्याच्याशी बोलली.

"बाजूक सरा," ती म्हणाली. "चंद्र दिसत नाय."

गणपतने हात मागे घेतला आणि तो सरकला.